दुकानाच्या लिनक्स संगणकावर विंडोजचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर चालेल का? (नौपाडा, ठाणे)

बहुतेक चालेल. नवीन विंडोज विकत घेण्याआधी वाइन टाकून बघाच. १९९३ पासून विकसित होत असलेलं हे मोफत सॉफ्टवेअर अख्खं विंडोज उभं करत नाही. प्रोग्रामने विंडोजकडे फाइल उघडायला सांगितली की तीच मागणी लिनक्सकडून पुरी करून घेतं. त्यामुळे जुन्या मशीनवरही वेग फारसा पडत नाही. प्रिंटर लिनक्सला जोडलेला असला की वाइनलाही दिसतो. होम फोल्डरमध्ये '.वाइन' नावाचं लपलेलं फोल्डर तयार होतं, तुमचा सी ड्राइव्ह त्यातच असतो. बिलांचा डेटा तिथे असेल तर बॅकअप त्याचा घ्या, हे विसरू नका!

अडतं ते डोंगलपाशी, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीला लावाव्या लागणाऱ्या छोट्या किल्लीपाशी. लायसन्सच्या यूएसबी डोंगलला स्वतःचा विंडोज ड्रायव्हर लागत असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आतच दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) खरं विंडोजच बसवा. त्याला रॅम जास्त लागेल, विंडोजचं लायसन्सही.