तोडावे लागणार नाही असे झाड

घरच्या बागेविषयी आलेल्या पत्रांपैकी या अंकासाठी निवडलेली सगळी पत्रे पुढच्या पिढ्यांसाठी लावायच्या झाडांबद्दल आहेत. जागेअभावी पत्रांतील प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. नुकतीच नात झाली. तिच्या नावाने शंभर वर्षे टिकेल असे एक मोठे झाड लावावे, अशी फार इच्छा आहे. घरामागे साधारण १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद मोकळी जागा आहे. कोणते झाड लावावे?

उत्तर : नातीचे स्वागत आणि आपले अभिनंदन. झाडाचे नाव मात्र लगेच सांगता येणार नाही, कारण या प्रश्नात नाव सगळ्यात शेवटी येते. घरांच्या आवारातील मोठी झाडे म्हातारपणाने गेलेली मी फार थोडी पाहिली आहेत. बहुतेक तोडली गेली, आणि त्यामागची कारणे ठरावीक असतात. फांद्या छपरावर आल्या, भिंतीला तडा गेला, वरून विजेची तार गेली, शेजाऱ्यांकडे पानांचा खच पडू लागला. यांतले एकही कारण झाडाच्या दोषाचे नाही. लावणाऱ्याने रोप पाहिले, चाळीस वर्षांनंतरचे झाड पाहिले नाही, एवढेच. तेव्हा शंभर वर्षे टिकणारे झाड शोधण्यापेक्षा, शंभर वर्षांत कोणाला तोडावेसे वाटणार नाही अशी जागा आधी शोधावी.

त्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. जिथे झाड लावायचे मनात आहे तिथे खुंटी ठोकावी, मनातल्या झाडाचा पूर्ण वाढीनंतर जेवढा घेर, म्हणजे एका टोकाच्या फांदीपासून समोरच्या टोकाच्या फांदीपर्यंतचे अंतर, होतो त्याच्या निम्म्या लांबीची दोरी खुंटीला बांधावी आणि ती ताणून धरून गोल फिरावे. घेर १५ मीटर असेल, तर साडेसात मीटरची दोरी घेऊन आपण नऊ मीटर रुंदीच्या जागेत पहिल्या काही पावलांतच कुंपणाला अडाल. म्हणजे आपल्या जागेत महावृक्ष बसत नाही. सहा ते सात मीटर घेराचे मध्यम झाड मात्र ऐसपैस बसते. दोरी फिरवून झाली की मान वर करून तारा आहेत का, तेही पाहावे.

मुळांचा हिशेब वेगळा असतो. वर जेवढे झाड तेवढेच ते जमिनीत खोल असते, ही समजूत बहुतेक झाडांच्या बाबतीत चुकीची आहे. मुळांचा मोठा भाग वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतो आणि तो खोल जाण्याऐवजी आडवा, फांद्यांच्या टोकांच्याही बराच पलीकडे पसरतो. धडधाकट नळ मूळ सहसा फोडत नाही. जिथे सांधा आधीच झिरपत असतो तिथे ते ओलाव्याच्या मागाने आत शिरते. चिकण मातीत धोका आणखी एक असतो. कोरड्या ऋतूत झाड पाणी ओढते, माती आकसते आणि उथळ पाया खचतो. १९७६ च्या दुष्काळात ब्रिटनमधील अनेक घरांना याच कारणाने तडे गेले. म्हणून चिकण मातीत, आणि विशेषतः विलो, पॉप्लर किंवा वडाच्या कुळातील झाडांच्या बाबतीत, घरापासूनचे अंतर सढळ हाताने ठेवावे.

दिशाही पाहावी. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन भिंती सर्वांत जास्त तापवते. त्या बाजूला पानगळीचे झाड असले, तर उन्हाळ्यात सावली मिळते आणि थंडीत पाने गळून उजेड आत येतो.

आता नाव. आपल्या परिसरात पन्नाससाठ वर्षांची, फारशी देखभाल नसताना उभी असलेली झाडे कोणती, ते फिरून पाहावे. तिथली माती, तिथला पाऊस आणि तिथले वादळ त्यांनी पचवलेले असते. रोपवाटिकेतील चिठ्ठीवरच्या वर्णनापेक्षा हा पुरावा भक्कम आहे. त्यांतले आपल्या दोरीत बसणारे झाड निवडावे.

नातीला त्या झाडाचे काय करावेसे वाटेल, हे मात्र आपण ठरवू नये. स्वीडनमध्ये व्हेटर्न सरोवरातील विसिंग्सो बेटावर १८३० च्या दशकात आरमाराच्या जहाजांसाठी सुमारे तीन लाख ओकची झाडे लावण्यात आली. लाकूड तयार झाल्याचा निरोप १९७५ साली आरमाराला देण्यात आला, असे सांगतात. तोपर्यंत जहाजे पोलादाची झाली होती. जहाजांचा हिशेब पार चुकला, पण जंगल उभे आहे आणि लोक आजही त्यात फिरायला जातात. सावली, फळ, पक्षी, चढायला एखादी आडवी फांदी अशा दोनतीन कारणांनी उपयोगी पडणारे झाड लावले, की एक कारण संपले तरी झाड राहते.

प्रश्न : वडिलांच्या हातचे एक फळझाड आता थकले आहे. त्याच्याच फळातील बी लावून पुढची पिढी तयार करावी की रोपवाटिकेतून कलम आणावे? घरात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : दोन्ही तटांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की बीपासून वडिलांचेच झाड पुन्हा मिळेल. बहुतेक फळझाडांच्या बाबतीत तसे होत नाही. बी हे झाडाचे मूल असते, प्रतिकृती नव्हे. त्यात परागकण देणाऱ्या दुसऱ्या झाडाचाही वाटा असतो. फळ आंबट निघेल की गोड, हे कळायला जातीनुसार सहा, आठ, कधी दहाबारा वर्षे थांबावे लागते. कलमाला फळ लवकर लागते आणि ते ओळखीचे असते. उलट, जागच्या जागी रुजवलेल्या बियाण्याच्या झाडाचे सोटमूळ शाबूत राहते आणि असे झाड पुष्कळदा मोठे, दणकट व दीर्घायुषी होते.

आपल्या घरातील वादावर तोडगा तिसराच आहे. वडिलांच्या झाडाची निरोगी, पेन्सिलीएवढी जाड काडी घेऊन तिचे कलम त्याच जातीच्या किंवा जवळच्या नात्यातील तरुण खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या रोपावर, बांधून घ्यावे. जे वर वाढेल ते वडिलांचेच झाड असेल, फक्त पाय नवे. मात्र झाड विषाणुरोगाने थकले असेल, तर काडीबरोबर रोगही येतो. तेव्हा आधी जाणकाराला दाखवावे. कलमाच्या जोडाखाली, खुंटाला फुटणारे धुमारे वेळच्या वेळी काढावेत. ते वाढू दिले तर काही वर्षांनी वरचे कलम मरते, खुंट माजतो आणि वडिलांच्या नावाने घरातले सगळे भलत्याच झाडाला पाणी घालत राहतात.

बीच्या बाजूने बोलायचे तर इंग्लंडमधील साउथवेल गावची गोष्ट सांगावी लागेल. मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ साली घरच्या बागेत सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यांतून उगवलेल्या झाडाची फळे पुढे ब्रॅम्ली या नावाने प्रसिद्ध झाली, कारण १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली यांनी विकत घेतले होते आणि १८५६ मध्ये कलमासाठी काड्या मागायला आलेल्या हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकाचालकाला त्यांनी फळाला आपले नाव देण्याची अट घातली. ज्या मुलीने बी पेरले तिचे नाव फळाला लागले नाही, आणि त्या फळाची कीर्ती होण्याआधीच तिचे आयुष्य संपले. तरीही जगातले प्रत्येक ब्रॅम्ली झाड त्या एका रोपाच्या काड्यांपासून, कलमावर कलम करत आलेले आहे. बीने नवे फळ दिले आणि कलमाने ते टिकवले. जागा असेल तर दोन्ही लावावे. एकाच झाडाची जागा असेल तर कलम.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. काही जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. गिंकोचे बीपासूनचे रोप नर आहे की मादी, हे बाहेरून पाहून कळत नाही; वीसतीस वर्षांनी मादी झाड बिया गाळू लागते आणि त्यांच्या मांसल सालीला नासलेल्या लोण्यासारखी दुर्गंधी येते. अशा जातींत नर झाडाचे कलमच घ्यावे, नाहीतर नातवंडे आजोबांची आठवण नाक धरून काढतील.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी लावलेले झाड जगले आहे, पण वाढत नाही. खत, पाणी सर्व वेळेवर आहे. पाने लहान येतात आणि जोराच्या वाऱ्यात खोड मुळापासून हलते. काय चुकले असेल?

उत्तर : खत तूर्त थांबवावे आणि खुरपे घेऊन खोडाजवळ बसावे. निरोगी झाडाचे खोड जमिनीपाशी तुतारीच्या तोंडासारखे पसरत जाते आणि तिथून मुळे फुटतात. आपले खोड विजेच्या खांबासारखे सरळ मातीत जात असेल, तर झाड खोल लावले गेले आहे. हलक्या हाताने माती बाजूला करत तो पसरट भाग लागेपर्यंत जावे. कधी चार बोटे, कधी वीतभर खाली तो सापडतो. खोडाच्या सालीला मातीची सततची ओल सोसत नाही. ती कुजते आणि मुळांना हवाही कमी पडते.

माती काढताना खोडाभोवती वेटोळे घातलेले जाड मूळ दिसले, तर खरा गुन्हेगार बहुधा तोच. रोप पिशवीत किंवा कुंडीत फार काळ राहिले, की मुळे कडेकडेने गोल फिरतात आणि जमिनीत लावल्यावरही तीच सवय ठेवतात. खोड जाड होत जाते, वेटोळे आवळत जाते. वाऱ्यात झाड मुळापासून हलते त्याचेही कारण हेच, कारण मुळे बाहेर पसरलेलीच नसतात. खोडात रुतू लागलेले असे मूळ धारदार छिनीने कापून काढावे. वेटोळी दोनतीन असतील, तर एकाच वेळी सगळी कापू नयेत, दोन हंगामांत विभागावीत. सगळीकडून जखडले असेल, तर मन घट्ट करून नवे रोप लावावे. पाच वर्षे गेली याचे वाईट वाटते, पण पंचविसाव्या वर्षी घराकडे तोंड करून कोसळण्यापेक्षा ते बरे.

खोड असे आवळू देण्याची चूक मीही केली आहे, मुळाने नव्हे तर दोरीने. माझ्या एका झाडाला आधाराची काठी नायलॉनच्या दोरीने बांधली होती आणि ती सोडायचे राहून गेले. चौथ्या वर्षी पाहिले तेव्हा दोरी दिसत नव्हती. तिच्या जागी सालीत एक खोबण होती, खोबणीच्या वर खोड फुगलेले आणि खाली बारीक. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते, ती वाट मीच आवळली होती. पुढच्या वादळात झाड नेमके तिथेच मोडले. काठी लावायचीच असेल, तर खोडाच्या खालच्या तृतीयांशात, रुंद पट्ट्याने, खोड थोडे डुलेल अशी सैल बांधावी आणि वर्षभरात काढावी. डुलण्यामुळेच खोड बुंध्याशी जाड होते.

नवे रोप लावताना खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद घ्यावा आणि निघालेलीच माती परत भरावी. खड्ड्यात नुसतेच कसदार खत भरले, तर मुळे ते सुख सोडून बाहेरच्या मातीत जायला नाखूश असतात. वरून वाळलेल्या पाल्याचे ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

प्रश्न : वेळ वाचवण्यासाठी तीन मीटर उंचीचे तयार झाड आणून लावले तर चालेल का?

उत्तर : चालते, पण वेळ वाचत नाही. उपटताना त्याची बरीचशी मुळे मागेच राहतात आणि पुढची काही वर्षे ते मुळे भरून काढण्यात घालवते. कंबरेएवढे निरोगी रोप पुष्कळदा त्याला गाठते.

प्रश्न : मुले दूर राहतात. उद्या घर विकले गेले, तर झाड राहील याचा काय भरवसा?

उत्तर : भरवसा कोणीच देऊ शकत नाही. मोठी झाडे तोडण्याविषयीचे नियम बऱ्याच ठिकाणी असतात, ते आपल्या भागात काय आहेत हे एकदा विचारून ठेवावे. पण नियमांपेक्षा माहितीचा उपयोग मला अधिक वाटतो. नव्या मालकाला झाड कोणी, कधी लावले, फळ कोणत्या ऋतूत येते, यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी ती उजेड अडवणारी एक वस्तू असते. म्हणून घराच्या कागदपत्रांबरोबर एक कागद ठेवावा. त्यावर आवाराचा साधा नकाशा, झाडाची जागा, लावल्याचे वर्ष, जात, कलम असल्यास काडी कोणत्या झाडाची, आणि जमिनीखालून जाणारे नळ व तारा एवढे असावे. फांद्या कोणत्या कापल्या, तेही लिहावे. कापताना फांदी जिथे खोडाला मिळते तिथली फुगीर कड शाबूत ठेवावी, म्हणजे जखम झाड स्वतः झाकते. वर रंग किंवा डांबर फासण्याची गरज नसते. शेंडा छाटून झाड बुटके ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्यानंतर फुटणाऱ्या फांद्यांचा सांधा कच्चा असतो आणि पुढे त्याच मोडून पडतात.

दुसरा उपाय काड्यांचा. झाड चांगले निघाले असेल, तर मुलांकडे, भावंडांकडे, शेजाऱ्यांकडे त्याची कलमे आताच देऊन ठेवावीत. घर गेले तरी झाड चार अंगणांत उभे असेल.

नावाची पाटी लावणार असाल, तर ती खिळ्याने खोडावर ठोकू नये, कारण वाढते खोड तिला गिळते. झाड उंच होते ते शेंड्याकडून, त्यामुळे छातीच्या उंचीवर लावलेली पाटी पन्नास वर्षांनीही छातीच्याच उंचीवर राहते. पाटी ॲल्युमिनियमची घ्यावी, अक्षरे कोरून घ्यावीत आणि ती झाडाशेजारी, मुळे चुकवून, जमिनीत रोवलेल्या दगडावर बसवावी.