गंजलेली दुनळी घरच्या घरी काळी करता येते का? आणि ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडंसं

प्रश्न : आमच्याकडे आजोबांपासूनची शेतीसंरक्षण परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे. निवडणुकीच्या वेळी पोलीस स्टेशनला जमा केली होती, परत आली तेव्हा कव्हरसकट ओली होती आणि नळीवर तांबडा गंज. मित्र म्हणतो पॉलिश पेपरने घासून काढ आणि वरून ब्लूइंगचं (लोखंड काळं करायचं) लिक्विड लाव, नव्यासारखी होईल. यूट्यूबवर एक जण कॉस्टिक सोड्यात उकळून दाखवतो. यातलं नेमकं काय करू? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : कॉस्टिकवालं आधी डोक्यातून काढा. त्याला हॉट ब्लूइंग म्हणतात, कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं पाणी साधारण १४० डिग्रीला उकळवत ठेवायचं, फॅक्टरीत नव्या बंदुका बहुतेक अशाच काळ्या होतात. पण तुमची दुनळी आहे, दोन नळ्या आणि मधली पट्टी डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते आणि कॉस्टिक तो डागच खातं, म्हणजे बाहेरून चकाचक आणि आतून जोड सुटायला लागलेला! शिवाय त्या गरम मिश्रणात चुकून पाणी पडलं तर ते तोंडावर उडतं आणि अॅल्युमिनियमचं पातेलं वापरलंत तर पातेलंच विरघळायला लागतं. हे घरी करायचं काम नाहीच.

बाटलीतलं लिक्विड म्हणजे कोल्ड ब्लू. त्यात सेलेनियमचं अॅसिड आणि तांब्याचा क्षार असतो, लोखंडावर काळपट थर बसतो पण तो अगदी पातळ, हात लागून लागून वर्षभरात उडतो. खरचटलेल्या ठिपक्याला ठीक आहे, अख्ख्या नळीला लावलंत की ढगाळ डाग डाग दिसतात. विषारी पण आहे, हातमोजे घालूनच, स्वयंपाकघरात नको.

दुनळीला खरी शोभते ती जुनी पद्धत, रस्ट ब्लूइंग. गंमत म्हणजे यात नळी मुद्दाम गंजवतात. तेलाचा अंश राहू न देता साफ करायची, गंज चढवणारं द्रावण पातळ पुसायचं, दमट जागी काही तास ठेवली की बारीक मखमलीसारखा तांबडा थर येतो, मग ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळायची की तोच तांबडा गंज काळा होतो (मॅग्नेटाइट, लोखंडाचंच दुसरं ऑक्साइड), वरची सुटी काजळी मऊ स्टील वूलने काढायची आणि परत पहिल्यापासून. पाच-सहा वेळा तरी लागतंच. उकळत्या पाण्याने डाग सुटत नाही, म्हणून दुनळीला हेच. म्हणजे बघा, काळा रंग असा काही लावत नाहीत, तो पण गंजच, फक्त पुढे न खाणारा.

पण हे तुम्ही करू नका, परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे द्या. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, आता ब्लूइंग दुरुस्तीत येतं का साफसफाईत हा वाद परवाना शाखेच्या काउंटरवर घालण्यापेक्षा पावती असलेली बरी. आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको, नळीवरचा नंबर पुसट झाला तर कलम ८ लागू होतं, तिथे मित्र येणार नाही.

घरी एवढं करा : दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, मग गंजावर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा आणि सगळ्यात बारीक, चार शून्यवाल्या स्टील वूलने नळीच्या लांबीत हलक्या हाताने घासा. तांबडं निघतं, खालचं जुनं काळं बरंचसं राहतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर लावू नका, गंजाबरोबर उरलंसुरलं ब्लूइंग पण धुऊन नेतात. खोबरेलही नको, शिलाई मशीनचं तेल चालेल. बाहेरचं दिसण्याचं झालं, मला खरी काळजी आतल्या बाजूची आहे. उजेडाकडे धरून आत बघा, खड्डे दिसले तर दुरुस्तीवाल्याने पास केल्याशिवाय काडतूस घालू नका, त्यावर कुठलंच ब्लूइंग इलाज नाही. आणि ते कव्हर फेकून द्या, ओल धरून ठेवतं.

प्रश्न : वडिलांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक माळ्यावर आहे, परवाना चालू आहे. साफ कशी करायची? (लांजा)

उत्तर : आधी ती भरलेली नाही ना ते बघा, जुन्या ठासणीत बार तसाच राहिलेला असू शकतो. तोंड आपल्यापासून लांब ठेवून गज आत घाला, तोंडाशी खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून खूण कुठवर पोचते ते बघा. गज कानाच्या (मागच्या बत्तीच्या भोकाच्या) बराच अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे, मग हात लावू नका, खणून काढायला जाऊ नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा. रिकामी असेल तर गरम पाणी आणि साबण, काळ्या दारूची राख पाणी ओढून घेते आणि नळी आतून खाते, नुसतं तेल लावून ती जात नाही. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, पूर्ण वाळवा आणि मग तेल. लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चालतं, लोखंडाला नको, ते वाळून चिकट बसतं.