सुप्याला कांगाल? आणा, पण रात्री मोकळा नको

तुम्ही लिहिलंय की बारामती तालुक्यातल्या सुप्याला अभयारण्याजवळ दोन एकर घेतलीय, राखणीला कांगाल (तुर्कस्तानचं मेंढरं राखणारं मोठ्या जातीचं कुत्रं) आणायचाय आणि रात्री मोकळा सोडायचाय. आणा खुशाल, फक्त ते मोकळं सोडायचं डोक्यातून काढा.

मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5 चौरस किमी, चिंकारा काय आत बसून राहत नाही, आजूबाजूच्या पडीक रानात, कधी पिकातही येतो. लोक म्हणतात आमचा मारत नाही हो, नुसता पळवतो. अहो पळवणंच महागात पडतं, चिंकारा जिवाच्या आकांताने सुटतो, तारेवर आपटतो, नाहीतर धाप लागून नंतर कुठेतरी झुडपात मरतो, अंगावर दाताची खूणसुद्धा नसते. पाडस तर पळतही नाही, आई ठेवून गेली की गवतात गप पडून असतं. आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकचा, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा प्राणी आहे तो, तिथे 'खेळत होता' चालत नाही.

धनगरांची कुत्री मोकळीच असतात असं कोणीतरी म्हणेलच. ती पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतात, कळपाला धरून राहतात, शिवाय माणूस मेंढरांच्या वाड्याशेजारीच झोपतो. तुमच्याकडे राखायला मेंढरंच नाहीत, मग तो सगळं माळरान आपलंच समजणार.

त्यात लांडगे. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय, त्यामुळे नसबंदी हवीच. एवढ्या मोठ्या जातीत सांध्यांसाठी डॉक्टर बहुतेक दीड-दोन वर्षं थांबायला सांगतात, तोवर तर अजिबात बाहेर नाही. डिस्टेंपरची लस चुकवू नका, कुत्र्यांचा हा विषाणूरोग जंगली जनावरांनाही होतो, 2018 ला गीरमधले काही सिंह याच रोगाने गेले.

जाळी सगळ्या दोन एकरांना मारू नका, जनावरांची वाट तुटते. घराभोवती दोन-तीन गुंठे पुरे, सहा फुटी चेनलिंक, खाली फूटभर पुरलेली, कारण ही जात उकरते. आत झोपायला वरून बंद पिंजरा. बिबट्याला कुत्रा फार आवडतो, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात त्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के कुत्रीच निघाली होती, आणि कांगाल मोठा असला तरी पिल्लू मोठं व्हायला वेळ लागतोच ना. चोराला आतून भुंकलेलंही पुरतं.

ब्रीडर कॉकेशियन शेफर्ड (थंड डोंगराळ मुलखातली दाट केसांची राखणीची जात) गळ्यात मारायला बघेल, नाही म्हणा. तेवढी लोकर घेऊन सुप्याच्या मे महिन्यात त्याने करायचं काय?