ओढ्यातले देशी मासे पकडून घरच्या टाकीत पाळता येतात का? कुठून आणि कसे आणावेत?

तुम्ही लिहिलंय की सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यात बोटभर लांबीचे चपळ मासे दिसले, ते घरच्या तीन फुटी टाकीत ठेवायचे आहेत, पण आणलेले दोन्ही वेळचे मासे दोन दिवसांत मेले. मासे पाळता येतात. मी गेली बरीच वर्षं फक्त देशी मासेच पाळतो. पण तुमचा प्रश्न 'कसे पकडावेत' असा आहे आणि माझं उत्तर 'कुठल्या पाण्यातून आणि कधी' इथून सुरू होतं. मासा जगेल की नाही आणि तो उचलणं योग्य की अयोग्य, हे दोन्ही तिथेच ठरतं.

ओढ्याची धार साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटते. वाहतं पाणी थांबतं आणि खडकांमध्ये सुटी सुटी डबकी उरतात. त्यातली बरीचशी एप्रिलअखेर आटून जातात. त्यात अडकलेले शेकडो छोटे मासे बगळ्या-खंड्याच्या पोटात जातात, नाहीतर चिखलात मरतात. अशा घोटाभर डबक्यातून सहा-सात पिल्लं उचलली तर ओढ्याचं काही जात नाही. मात्र त्याच ओढ्यात एखादा खोल डोह असतो, ज्याला मे महिन्यातही पाणी राहतं. त्या डोहाला हात लावू नका. पहिल्या पावसात अख्खा ओढा पुन्हा ज्या माशांनी भरतो, ते तिथे तग धरून असतात. डबकं कुठलं आणि डोह कुठला हे एका फेरीत कळत नाही. गावातल्या गुराख्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला विचारा, "उन्हाळ्यात इथलं पाणी कधी आटलेलं बघितलंय का?" तो नेमकं सांगतो.

दुसरा चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्या हंगामात जन्मलेली पिल्लं तेव्हा भरपूर असतात, पाणी स्वच्छ असतं, थंडावाही असतो. लहान मासा टाकीला लवकर रुळतो, मोठा बुजतो, कोपऱ्यात डोकं आपटतो आणि खाणं सोडतो. जून-जुलैमध्ये मात्र जाळी घरीच ठेवा. तेव्हा वर चढणारे चढणीचे, वलगणीचे मासे गाभोळीने भरलेले असतात. खाण्यासाठी त्यांना पकडणारे आधीच पुष्कळ आहेत. छंदासाठी आपण त्यात भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, एक शिंपलासुद्धा नाही. गावतळी आणि धरणं बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात, तिथे त्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. देवाच्या डोहातले मासे तर गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले असतात. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी जाऊन ते नुसते बघा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्या 2022 च्या दुरुस्तीत नव्याने मांडल्या गेल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या. तेव्हा ज्या जातीवर तुमचा डोळा आहे ती यादीत आहे का, हे आधी बघा. जुन्या माहितीवर विसंबू नका.

आता मासे कुठले. इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट फार कमी मराठी माणसांना माहीत असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या कर्नल विल्यम सायक्स याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याने अनेक शास्त्रीय नावांसाठी इथली मराठी नावंच उचलली. गारा मल्ल्या, टोर खुद्री, मिस्टस शिंगटी (यांतला दुसरा शब्द मराठी), शिवाय अळकूट, मुरे आणि नुक्ता. आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ 'मल्ल्या' लिहितो तेव्हा तो आपल्याकडच्या नदीकाठचा शब्द लिहीत असतो. म्हणून ओढ्यावर गेलात की स्थानिक नाव जरूर विचारा आणि वहीत टिपून ठेवा. दोन खोऱ्यांत एकाच माशाला दोन नावं असतात, आणि एका नावाचे दोन मासेही निघतात. त्यामुळे नावाशेजारी फोटो हवाच.

सुरुवातीला रासबोरा, देवारिओ किंवा टिक्टो बार्ब यांपैकी जे तुमच्या ओढ्यात भरपूर असेल ते निवडा. टिक्टोच्या अंगावर दोन काळे ठिपके असतात, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीच्या बुंध्याशी. हे सगळे थव्याने राहणारे मासे आहेत. एक-दोन आणले तर भेदरून राहतात, सहा-आठ आणले तर पुढे येऊन खेळतात. कोकणातल्या बाजूला असाल तर फिलामेंट बार्ब मिळेल, त्याच्या नराच्या पाठीच्या पराला मोठेपणी लांब तंतू फुटतात. मात्र तो वितीच्या आसपास वाढतो, तीन फुटी टाकी त्याला पुरणार नाही. तळाशी फिरणाऱ्या मुऱ्या आणि दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मल्ल्या मला सगळ्यात प्रिय आहेत, पण ते पहिल्या वर्षी नकोत. का ते पुढे सांगतो.

काही मासे दिसले तरी सोडून द्या. महाशीराचं पिल्लू काचेत देखणं दिसतं, पण तो काही फूट वाढणारा नदीचा मासा आहे. शिंगटीचा काटा हाताला लागला तर चांगलाच ठणकतो, आणि रात्री ती बाकीचे लहान मासे गिळते. मरळीच्या कुळातला लहानगा चन्ना गाचुआ अतिशय हुशार मासा आहे, त्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो. पण त्याला त्याची स्वतंत्र टाकी लागते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, सापडली तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. ती आपल्या सह्याद्रीतली आहे आणि आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. छंदामुळे मासा कसा संपत जातो हे 'मिस केरळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेनिसन बार्बने दाखवलंय. केरळ-कर्नाटकच्या नद्यांतून तो इतका उपसला गेला की तोही संकटग्रस्त झाला आणि 2008 मध्ये केरळ सरकारला पकडण्यावर निर्बंध घालावे लागले. आता टाकीत पैदास केलेले डेनिसन मिळतात. ते पाळायचे असतील तर तसेच घ्या.

पकडायला साधी हातजाळी आणि मच्छरदाणीचा मीटरभर तुकडा पुरतो. दोघांनी तुकडा पाण्यात तिरका धरायचा, तिसऱ्याने वरच्या बाजूने हळूहळू मासे हाकलत आणायचे. गळ नको, जबड्याला जखम झालेला मासा टाकीत बुरशी धरतो. गेळफळ किंवा ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकून पकडलेला मासा तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्याचे कल्ले आधीच गेलेले असतात, आणि त्या पाण्यातलं बाकी सगळंही मेलेलं असतं. मासा हातात घेऊ नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडं समजा. तो निघाला की रोगाला दार उघडलं. जाळी पाण्यातच ठेवून तिच्याखाली मग किंवा भांडं सरकवा आणि मासा पाण्यासकट उचला. उलटलेले दगड पुन्हा होते तसे ठेवा, त्यांच्याखाली अंडी आणि किडे असतात.

जाळी टाकण्याआधी एक काम करा. पाण्याचं तापमान मोजा, पाणी वाहतंय की थांबलंय ते लिहा, तळाला वाळू आहे की गोटे की पालापाचोळा ते बघा, मासे वरच्या थरात आहेत की खाली ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि टाकी कशी लावायची याचं निम्मं उत्तर त्यात मिळतं. शक्य असेल तर पहिल्या खेपेला मासे आणूच नका, नुसती वही भरून परत या.

घरी नेताना झाकणाचा रुंद डबा किंवा जाड पिशवी घ्या. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा. लोक काठोकाठ पाणी भरतात आणि मासे गुदमरवतात. ओलं फडकं गुंडाळा, उन्हात ठेवू नका, बॅटरीवरचा एअर पंप असेल तर उत्तम. घरी पोचल्यावर अर्धा-पाऊण तास थोडं थोडं टाकीतलं पाणी डब्यात घालत जा, मग मासे जाळीने टाकीत सोडा. प्रवासातलं घाण पाणी टाकीत ओतू नका.

आणि आता तुमचे मासे का मेले. माझा अंदाज आहे की एक तर प्राणवायू कमी पडला, नाहीतर टाकी पिकलेली नव्हती. बहुधा दोन्ही.

प्राणवायूचं मी स्वतः अनुभवलंय. सुरुवातीच्या काळात मी भर मेमध्ये चार मल्ल्ये आणले. टाकी स्वच्छ होती, झाडं होती, फिल्टर मंद चालू होता. रात्री ते काचेच्या वरच्या कडेला चिकटून बसले होते, मला वाटलं बुजलेत. सकाळी चारही तळाला पडलेले होते. ते वर चढले होते ते श्वासासाठी, आणि मला ते वाचता आलं नव्हतं. ती चूक आठवली की अजून वाईट वाटतं. 20 अंशांच्या पाण्यात जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लिटरमागे विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. त्यात रात्री झाडंही प्राणवायू वापरतात. वाहत्या पाण्यातल्या माशाला एवढ्याशा फरकानेही जीव गमवावा लागतो. म्हणून मल्ल्या आणि मुऱ्यांसाठी पॉवरहेड (पाण्यात बुडवून धार सोडणारा छोटा पंप) लावून टाकीच्या एका टोकाकडून दुसरीकडे जोराचा प्रवाह हवा, पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता हवा. उन्हाळ्यात मी टाकीवर छोटा पंखा सोडतो, बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं.

टाकी पिकणं म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू वसणं. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया येतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा टाकी आज लावून मासे उद्या आणायचे नसतात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवा आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट शून्य दाखवेपर्यंत थांबा. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला फिल्टरचा स्पंज मिळाला तर हे काम फार लवकर होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि हे जिवाणू दोघांनाही मारतं. साधं क्लोरीन दिवसभर उघडं ठेवल्यावर बरंचसं उडतं, पण क्लोरामाइन उडत नाही, म्हणून सोडियम थायोसल्फेटचे थेंब जवळ ठेवाच.

तळाला जाड वाळू आणि नदीतले गुळगुळीत गोटे घाला. काळा बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही, चुनखडी किंवा कंकर मात्र पाणी जड करतो. मोठे दगड वाळूवर न ठेवता थेट काचेच्या तळावर टेकवा आणि मग वाळू भरा, नाहीतर मुऱ्या खालून वाळू उकरतात आणि दगड घसरतो. झाकण घट्ट हवं. देवारिओ दोन बोटांच्या फटीतूनही उडी मारून बाहेर पडतो.

ओढ्यातले मासे थेट मुख्य टाकीत सोडू नका. तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. अंगावर दोऱ्यासारखा लोंबणारा अँकर वर्म हा परजीवी उघड्या डोळ्यांनी दिसतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपके गेले की लोक औषध थांबवतात, तिथेच घात होतो. माशाच्या कातडीखाली असताना त्या परजीवीवर औषध चालत नाही, तो पाण्यात पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचा. खाण्याचं म्हणाल तर पहिले काही दिवस ते गोळ्यांना तोंड लावणार नाहीत. डासांच्या अळ्या, डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या, मग गोठवलेले ब्लडवर्म, आणि त्यात मिसळून हळूहळू गोळ्या.

एकदा घरात आलेला मासा पुन्हा ओढ्यात सोडायचा नाही, अगदी त्याच ओढ्यातला असला तरी. बाजारातल्या माशांबरोबर आलेले रोग त्याच्यातून नदीत जातात. दुसऱ्या खोऱ्यात सोडला तर तिथल्या माशांशी त्याचा संकर होऊ शकतो. गप्पी, तिलापिया आणि सकर कॅटफिश आपल्या पाण्यात कसे पसरलेत ते तुम्ही पाहिलंच असेल. नाही जमलं तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. आधी ठरवा, मग आणा.

पहिलं वर्ष नीट गेलं तर पुढच्या जूनमध्ये एक करून बघा. पाऊस चांगला लागून राहिला की सलग तीन-चार दिवस टाकीतलं पाव पाणी काढून त्या जागी थोडं थंड, जुनं ठेवलेलं पाणी घाला. रासबोरा आणि टिक्टोचे नर रंग भरतात आणि पहाटे माद्यांच्या मागे लागतात. अंडी ते स्वतःच खातात, म्हणून एका कोपऱ्यात गोट्यांचा दाट थर किंवा बारीक पानांच्या झाडांचा झुबका ठेवा, म्हणजे अंडी फटीत पडतील. दुसऱ्या दिवशी तो झुबका वेगळ्या भांड्यात काढा. दीड-दोन दिवसांनी भिंग घेऊन काचेला चिकटलेले बारीक डोळे शोधा.