खड्ड्याची भरपाई मागताय? आधी कॅलेंडर बघा

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. 19 जुलैच्या रात्री पावसात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं, टायर फाटला, अलॉय रिम वाकली, लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा भाग) बदलावा लागला, गॅरेजचं बिल 61 हजार. महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली, चार दिवसांत 'निकाली काढली' असा मेसेज आला आणि खड्डा तिथेच. मग क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, मग दोन ईमेल, मग स्मरणपत्र, आणि आता नोव्हेंबर संपत आल्यावर विचारताय की भरपाई मिळेल का आणि केस कुठे करायची. अशी पत्रं दर वर्षी येतात आणि नेमकी दिवाळी उरकल्यावर येतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

रस्ता धड ठेवणं पालिकेचं काम आहे का, टॅक्स भरतो मग जबाबदारी कुणाची, यावर मी वेळ घालवत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 63 मध्ये बंधनकारक कामांच्या यादीत रस्ते आहेत, विषय संपला. तुमचं प्रकरण अडलं तर त्याच कायद्याच्या कलम 487 वर अडेल, ज्याचं नाव तुमच्या चार पानी पत्रात एकदाही आलेलं नाही.

ते कलम दोन गोष्टी सांगतं. पालिकेने कर्तव्यात हयगय केली म्हणून दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यायची आणि त्यानंतर पूर्ण एक महिना थांबायचं. दुसरं म्हणजे नुकसान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झालेला पाहिजे. नोटीस नाही, दावा. तुमचे सहा महिने 19 जानेवारीला भरतात, त्यातून नोटिशीचा एक महिना मागे मोजा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत नोटीस पोचली नाही तर पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही. नोटिशीचा महिना मुदतीतून वजा होतो असं लिमिटेशन ॲक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम 15 वर बोट ठेवून सांगणारे वकील तुम्हाला भेटतील, त्यांचं म्हणणं कदाचित कोर्टात टिकेलही, पण तो वाद उशीर झालेल्यांनी घालायचा असतो, तुमच्या हातात अजून दिवस आहेत तर त्या भरवशावर का राहायचं?

आणि कृपा करून ॲपवरची तक्रार आणि ते ईमेल म्हणजेच नोटीस असं समजू नका. नोटीस पालिकेच्या मुख्य कार्यालयात द्यायची असते, वॉर्ड ऑफिसात नाही. त्यात घटनेची तारीख, वेळ, नेमकी जागा, काय नुकसान झालं, किती रक्कम मागताय, तुमचं नाव, राहण्याचा पत्ता आणि वकील असेल तर त्याचंही नाव-पत्ता पाहिजे. तुम्ही ॲपवर लिहिलंय 'मेन रोडवर मोठा खड्डा, लवकर बुजवा'. यात पैसे मागितलेत कुठे? नोटीस स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, आणि वर स्पीड पोस्टानेही पाठवा.

त्याआधी रस्ता पालिकेचाच आहे ना हे एकदा बघा. शहराच्या हद्दीत असला तरी रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो आणि मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. रस्ता राज्य सरकारचा निघाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते आणि मुदतीचा हिशोबही वेगळा होतो. शंका असेल तर दोघांनाही नोटीस द्या. (मुंबईकरांनी हे वाचून 487 शोधत बसू नये, त्यांचा कायदा 1888 चा आणि कलम 527, पण एक महिना आणि सहा महिने हे गणित तेच.)

आता पुराव्याचं. सुप्रीम कोर्टाचे दोन जुने निकाल आहेत ज्यांच्यामध्ये तुमची केस कुठेतरी लटकलेली आहे. दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली त्या प्रकरणात 1966 च्या निकालात कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं, इमारत तुमची, ती पडली, आता हयगय नव्हती हे तुम्ही दाखवा अशा धर्तीवर. राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून एक माणूस गेला त्या प्रकरणात 1997 च्या निकालात मात्र पालिका सुटली, कारण झाड पडेल हे तिला आधी कळायला हवं होतं असं कोर्टाला वाटलं नाही. तुमच्यासमोर पालिकेचा वकील हा दुसरा निकाल ठेवणार. म्हणून तुमच्या अपघातानंतरच्या तक्रारीला फार किंमत नाही, किंमत आहे 19 जुलैच्या आधी त्याच खड्ड्याबद्दल दुसऱ्या कुणी केलेल्या तक्रारींना. तिथल्या सोसायटीवाल्यांना, दुकानदारांना विचारा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आजच टाका, त्या रस्त्यावरच्या मे ते जुलैच्या तक्रारी, काम शेवटचं कधी झालं, ठेकेदार कोण, दोष दायित्व कालावधी (ज्या मुदतीत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते) कधी संपतो हे सगळं मागा. उत्तराला तीस दिवस असतात, ते नोटिशीच्या महिन्यात बसून जातं.

फोटोंचं तर काय बोलावं! तीनपैकी दोन फोटोंत नुसतं पाणी दिसतंय आणि तिसऱ्यात तुमचा बूट. आजूबाजूचं दुकान नाही, खांब नाही, काही नाही. जे आहेत ते मूळ फोनमध्येच ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली कॉपी चालवायला जाऊ नका, कोर्टात द्यायचे झाले की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल आणि तेव्हा मूळ फोन मागतील. वाकलेली रिम गॅरेजवाल्याला भंगारात देऊन आलात, ती अजून त्याच्याकडे पडली असेल तर घेऊन या, नसेल तर निदान त्याच्याकडून लेखी घ्या की असा मार खड्ड्यात आपटूनच बसतो. वेग किती होता हे विचारणारच, पाणी दिसत असताना गाडी का घातली हेही विचारणार, आणि यात थोडी चूक तुमच्यावर टाकून रक्कम कमी होऊ शकते, किती ते आज सांगता येत नाही.

तुम्ही हायकोर्टाच्या निकालाची बातमी जोडली आहे. ऑक्टोबर 2025 चा तो मुंबई हायकोर्टाचा आदेश मृत्यू आणि जखमींसाठी आहे, मृत्यूला 6 लाख आणि जखमांना 50 हजार ते अडीच लाख. रिम आणि लोअर आर्म घेऊन त्या आदेशाप्रमाणे भरपाई ठरवणाऱ्या समितीसमोर जाऊ नका. चांगल्या रस्त्यांचा हक्क कोर्टाने मान्य केलाय एवढ्यापुरता त्याचा उल्लेख नोटिशीत जरूर करा. ग्राहक आयोगाचं म्हणाल तर टॅक्स ही सेवेची किंमत धरत नाहीत, त्यामुळे साध्या शहरी रस्त्यासाठी मी तिकडे पाठवणार नाही. टोल भरलेला रस्ता असता तर वेगळा विचार केला असता.

इन्शुरन्स राहिला. नो क्लेम बोनस जाईल म्हणून तुम्ही कंपनीला कळवलंच नाही, सर्व्हे न करता गाडी दुरुस्त करून घेतली, आता तिथे फारशी आशा मला दिसत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, खड्ड्यात आपटून झालेलं नुकसान पॉलिसीच्या ओन डॅमेजमध्ये (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात) येतं, नुसता टायर गेला तर मिळत नाही, टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे मिळतात, आणि आपटल्यावर तशीच गाडी रेटत घरी नेली तर त्यामुळे वाढलेलं नुकसान तुमच्या खिशातून.

61 हजारांसाठी दावा चालवावा का, हे तुम्ही तिसऱ्या पानावर विचारलंय. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या निकालालाच काही वर्षं लागू शकतात, वर अपील, आणि तेवढ्या तारखांना कामावरून सुट्टी घ्यायची तुमची तयारी आहे का हे मला माहीत नाही. पण नोटिशीला खर्च फारसा नाही आणि ती दिल्याशिवाय दाव्याचा रस्ता उघडतच नाही, म्हणून ती याच आठवड्यात द्या. दावा लावायचा की सोडायचा ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माहिती अधिकाराचे कागद समोर ठेवून ठरवू. तोवर पालिकेकडून काही उत्तर आलं तर तेही आणा, बहुतेक वेळा येत नाही.