दोनशे रोपांच्या यादीवर

कोल्हापूर,
वैशाख

पोरा,

तुझी यादी वाचली. दीड एकर जागा, त्यातलं अर्धा एकर तुझ्या वडिलांनी हौसेनं केलेलं लॉन, आणि उरलेल्या माळावर दोनशे झाडं. उत्साह बघून बरं वाटलं, पण यादीतल्या बहुतेक नावांवर मी काट मारली आहे. राग आला तर ये रंकाळ्यावर, भेळ खाता खाता भांडू.

माळाला तू 'पडीक' म्हटलंयस, तिथूनच सुरुवात करतो. सरकारी कागदावरही पुष्कळदा असाच शब्द असतो, त्यामुळे एकट्या तुझा दोष नाही. पण पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत तू मसाई पठार ओलांडलंयस ना? जांभ्याचा कातळ, वर कुठं वीतभर तर कुठं बोटभर माती. तिथं झाडं नाहीत ती कुणी तोडली म्हणून नव्हे. ती जागाच गवताची आहे. भाद्रपदात तिथं सोनकी, कवला, तेरडा, सीतेची आसवं असं काय काय फुलतं. त्यातली सीतेची आसवं तर किडे खाते, कारण त्या मातीत तिला नत्रच पुरेसं मिळत नाही. म्हणजे माती हलकी म्हणून ही फुलं. तिथं दोन ट्रॉली शेणखत पसरलं तर रानटी तण माजेल आणि ही मंडळी पहिली जातील. तुझा मुरमाड माळ मसाईएवढा श्रीमंत नसेल, पण जातकुळी तीच. त्याला खत नको, खड्डेही नकोत.

हे शहाणपण मला उशिरा आलं. ऐंशीच्या दशकात सुबाभळीचं वेड होतं. वैरण मिळते, सरपण मिळतं, भराभर वाढते. आम्ही चार पोरांनी गावच्या गायरानात शंभर-सव्वाशे रोपं लावली. सगळी जगली, हेच वाईट झालं. पाच-सहा वर्षांत खालचं गवत सावलीनं मेलं. चंडोल जमिनीवर घरटं करतो, टिटवी तर उघड्या खड्यांत अंडी घालते. झाडं आली तशी कावळ्यांना टेहळणीला फांद्या मिळाल्या, आणि ती अंडी-पिल्लं त्यांच्या तोंडी लागली. आता तिथं सुबाभळीच्या शेंगांचा सडा आणि तिचीच पिलावळ असते, आणि गावातले लोक मला अजून 'झाडं लावणारा' म्हणून मान देतात. मी गप्प बसतो.

आता लॉन. ती मेक्सिकन गवताची गादी आहे, दर आठवड्याला मशीन फिरतं, म्हणून गवताला तुरा येत नाही, फूल येत नाही, बी धरत नाही. मशीन बंद केलंस की लगेच कुरण होईल असं मात्र समजू नकोस. आधी पाणी बंद कर. एका उन्हाळ्यात गादी पिवळी पडून विरळ होते. मग वळवाच्या सरी झाल्या की हात-दोन हात रुंदीचे पट्टे कुदळीनं खरवडून माती उघडी कर.

बियाणं विकत आणू नकोस. ज्योतिबाच्या पायथ्याला ज्यांच्या म्हशी आहेत त्यांच्याकडं जा. डोंगरचं गवत कापून त्यांनी गंजी रचलेली असते आणि आत्ता वैशाखात ती संपत आलेली असते. गंजीच्या तळाशी जो चुरा राहतो तो पोत्यात भरून माग. ते हसतील आणि फुकट देतील. पवन्या, डोंगरी, मारवेल, कुसळी, सगळ्यांचं बी त्यात असतं. पट्ट्यांवर तो चुरा नुसता पसर आणि पायानं दाब. कुसळीला तर तेवढंही लागत नाही. तिच्या बियाला लांब शेपूट असतं, ते ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःच जमिनीत घुसतं. मोज्यात घुसतं तेही याच कसबानं.

पहिलं वर्ष वाईट दिसेल, हे आत्ताच लिहून ठेवतो. उघड्या मातीत सगळ्यात आधी येतं गाजरगवत. हे इथलं नव्हे; १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आता ते नाही असा बांध दाखव. एका झाडाला हजारोंनी बी येतं, म्हणून पांढरी फुलं दिसायच्या आत, माती ओली असताना, मुळासकट उपट. हातमोजे घाल, अंगाला खाज सुटते. तणनाशक मारू नकोस, त्याला गाजरगवत आणि रानफुलं यांतला फरक कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गवताचे ठोंब धरतात आणि मग तुला वाकायचं काम कमी पडतं.

कापणी वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीनंतर, बी झडू लागल्यावर. गणपतीत घर झकपक दिसावं म्हणून कापलंस तर वर्ष वाया गेलं. सगळं एकदम कापू नकोस, तिसरा हिस्सा दरसाल जागा बदलून उभा ठेव, किड्यांना आणि लाव्यांना आडोसा लागतो. बाकीचं कापून हलवलंस की शिमग्याच्या सुमाराला डोंगरावरून वणवा उतरला तरी तुझ्याकडं जळायला फारसं उरत नाही. उभ्या हिश्श्याभोवती मात्र जाळपट्टा काढ, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा.

झाडांबद्दल. दोनशे नाही, सतरा. ओढ्याच्या अंगाला काळी खोल माती आहे तिथं उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. कुंपणाच्या कडेला काटेसावर, पळस, बहावा. गुलमोहर चाळीस लिहिलेत, ते मादागास्करचं झाड, रस्त्याला पुष्कळ झालं. आणि ते मियावाकी जंगल, म्हणजे दाटीवाटीनं रोपं लावून झटपट वाढवायचं जंगल, तुझ्या माळावर नको. जिथं मुळात दाट जंगल होतं तिथली ती पद्धत.

खड्डे याच आठवड्यात काढ, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि उन्हात तापू दे. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नकोस. वरची चार बोटं भिजतात आणि मग आठ दिवस ऊन पडतं. आर्द्रा लागल्यावर खड्ड्यात हात घालून बघ, कोपरापर्यंत ओल लागली की लाव. रोपं गुडघ्याएवढीच घे. रोपवाटिकेत पुरुषभर उंच रोप दाखवतील, पण त्याची मुळं पिशवीत जिलबीसारखी फिरलेली असतात. पिशवी काढायची असते हे तुला सांगायला नको, पण पिशवीसकट लावलेली झाडं मी समारंभांत डोळ्यांनी बघितली आहेत. पुढचे तीन उन्हाळे आठवड्याला एक घागर पाणी, आणि आळ्यात कापलेल्या गवताचा जाड थर, बुंध्यापासून चार बोटं सोडून. उरलेली वैरण चुरा देणाऱ्यांच्या म्हशींना.

शेजारी म्हणतील जागा सोडून दिली, साप येतील. सापाची भीती खोटी नाही, आपल्याकडं घोणस आहे. म्हणून घराभोवती दहा फुटांचा पट्टा आणि फाटकापासून ओढ्यापर्यंत एक वाट बारीक कापलेली ठेव. गवत मुद्दाम राखलंय हे त्या वाटेवरूनच लोकांना कळतं.

तेव्हा मशीन विकू नकोस, ते वाटेला लागेल. आणि दिवाळीनंतर मजूर बघायच्या आधी मला फोन कर. माझा विळा माळ्यावर आहे, धार लावून घेतो.

तुझा,
काका