परत एकदा पाना लाव

बाळा,

परवा अक्कलकोट रोडवर तू लोडरचं चाक खोलत होतास. हात चपळ आहे तुझा. पण टायरमध्ये हवा तशीच होती आणि तू नटाला पाना लावलास. गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून तेव्हा गप्प बसलो.

आधी वॉल्व्हची पिन काढायची, हवा पूर्ण सोडायची. जोडचाकं असतील तर दोन्हींची. मग वॉल्व्हमध्ये बारीक तार घालून बघायचं, कारण चिखल अडकला की हवा आत राहते आणि बाहेर आवाज येत नाही. चाकाची लोखंडी डिस्क चिरलेली असेल तर कधी कधी ती नटांच्याच आधाराने तग धरून असते. नट निघाला की टायरला डिस्कवर धरून ठेवणारी लॉक रिंग सुटून अंगावर येते. तिच्यापुढे माणूस टिकत नाही रे.

जॅक लावणं तुला येतं. तरी शेतात किंवा साईटवर काळ्या मातीचा भरवसा धरू नकोस. जॅकखाली जाड फळी हवीच. बकेट जमिनीला टेकलेली, बाकीच्या चाकांना ठोकळे, आणि मशीन उचललं की खाली आधाराला लोखंडी घोडी.

आता आवळण्याचं. पुष्कळांना वाटतं, चाक स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या बोल्टांवर, टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि डिस्क हबवर, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या तुंब्यावर, घट्ट दाबली जाते. सगळा भार त्या दाबावर. मध्ये गंज, माती किंवा रंग राहिला तर तो चालताना चेपतो आणि दाब जातो. तरुणपणी मी एका टिपरच्या डिस्क हौसेनं रंगवून, रंग नीट वाळायच्या आत बसवल्या. दोन दिवसांत नट सैल झाले, भोकं लांबट झाली. चाक निसटलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आधी वायरब्रश मार. नट समोरासमोरचे, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळ. दहा स्टडच्या टिपरला साधारण ६०० ते ७०० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे एक मीटर पाइपच्या टोकावर ७० किलोचा माणूस. नेमका आकडा मात्र त्या मशीनच्या पुस्तकातूनच घे. पाइपवर दोघे चढले की स्टड कायमचा ताणला जातो, तो नंतर धरत नाही. शेवटचा जोर नट फिरवायच्या गनने नको, टॉर्क पान्यानेच दे, म्हणजे जोराचा आकडा लावता येतो त्या पान्याने.

गाडी ८० ते १६० किलोमीटर चालली की परत पाना लाव. लोडरला तास मोज, किती ते पुस्तकात असतं. गिऱ्हाईकाला तारीख लिहून दे, नाही आला तर फोन कर. नटाभोवती तांबड्या गंजाचे ओघळ दिसले तर चाक हलतंय असं समज.

माझा टॉर्क पाना घेऊन जा. काम झालं की त्याचा काटा सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेव, नाहीतर स्प्रिंग बसते.